डोळे बनवायचा मोसम

उज्जैनला थंडी पडली की लोकांना आपले डोळे आठवतात. गव्हाची पेरणी उरकलेली असते, दिवाळीचे पाहुणे परत गेलेले असतात, हाताला जरा उसंत असते, आणि वर्षभर 'चलता है' म्हणून पुढे ढकललेला मोतीबिंदू एकदम निकडीचा होतो. इथे कुणी ऑपरेशन करायचं म्हणत नाही. "आँख बनवानी है," म्हणतात, सोनाराकडे काही बनवायला टाकावं तसं. उन्हाळ्यात डोळा चिघळतो, पावसाळ्यात पाणी धरतो, थंडीत मात्र जखम लवकर भरते, अशी सगळ्या माळव्याची पक्की समजूत आहे. ती खरी नाही हे मी सांगून सांगून थकले. तरी डिसेंबर उजाडला की माझ्या दवाखान्यात बाकड्यावर टेकायला जागा नसते.

यंदाही दिवाळी सरली आणि टावर चौकात गराडूच्या कढया लागल्या. गराडू म्हणजे कोनफळाच्या जातीचा कंद. त्याचे तुकडे तळायचे, वर काळपट मसाला भुरभुरायचा, लिंबू पिळायचं आणि बोटं भाजून घेत उभ्याउभ्या खायचे. थंडीभर त्या वासाने चौक भरलेला असतो. माझ्या ओळखीची माणसं त्यासाठी इंदूरहून येतात. मी तिथून जाताना गाडीची काच वर करून घेते. एका हिवाळ्याने माझ्यापुरता हा वास नासवून टाकला. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण दर मोसमात पहिल्या दिवशी मला नव्याने राग येतो. वयाबरोबर राग निवतो म्हणतात. माझा अजून कढईतच आहे.

राग सरांचा आहे. सर म्हणजे माझे गुरू, गावाचे 'बड़े डाक्टर साब'. शिंद्यांच्या दरबारात कारकुनी केलेल्या घराण्यातले. ही गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगत, आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, नेमक्या तेव्हा चहा ठेवायला आत जात. आम्ही बदलीवाले मराठी. माझे वडील बँकेच्या बदलीने जळगावहून इथे आले आणि इथलेच झाले. दरबारी मराठी आणि बदलीवाले मराठी गणपतीत एकाच सतरंजीवर बसतात, पण कोण कुठल्या टोकाला बसणार ते ठरलेलं असतं. सरांनी त्या टोकावरून मला उचललं. स्वतःच्या दवाखान्यात जागा दिली, हत्यार धरायला शिकवलं, पुढे आपली खुर्चीही दिली. घरी भांडण झालं की मी माधव नगरमध्ये सरांच्या व्हरांड्यात जाऊन बसत असे, आणि काय झालं ते ते विचारत नसत.

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता, उजव्यात जास्त. डोळ्यांच्या डॉक्टरलाच मोतीबिंदू झाला म्हणून गावाला गंमत वाटत होती. त्यांनी ऑपरेशनं करणं आधीच थांबवलं होतं. त्याच सुमारास इथिओपियातल्या एका डोंगराळ गावच्या इस्पितळाने एका मोसमापुरता डॉक्टर मागितला होता. पगार नाही, राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण. मी नाही म्हणणार होते. इथला हंगाम तोंडावर होता, आणि माझा हात बसला होता मशीनवर. मशीन मोतीबिंदू आतल्या आत फोडून ओढून घेतं. तिकडे मशीन नव्हतं. तिथे सगळं हातानेच. डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीकसा बोगदा करायचा, कडक झालेलं भिंग अख्खं बाहेर आणायचं आणि टाका न घालता बाहेर पडायचं. हे मला जेमतेम येत होतं.

सर मला टावर चौकात घेऊन गेले. दोन द्रोण घेतले.

"तू जा," ते म्हणाले. "मी म्हणतोय न, जा. तिकडे एकदम पत्थर झालेल्या केसेस पाहायला भेटतील. इथे तुला आयुष्यभर नाही भेटणार तेवढ्या. हात साफ होऊन जाईल."

"आणि दवाखाना?"

"ते मी पाहून घेईन."

"आणि तुमचा डोळा?"

सरांनी माझ्या द्रोणात लिंबू पिळलं. "माझा डोळा कुठे पळून चाललाय? तू येईपर्यंत थांबतो. तूच करायचा. दुसऱ्या कुणाला मी हात नाही लावू देणार."

आता कुणी विचारलं तर मी सेवेबिवेचं बोलते. पण खरं सांगायचं तर मी त्या वाक्यावर गेले. सरांचा डोळा माझ्या हाताखाली येणार, आणि त्यासाठी हात त्या लायकीचा करून आणायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

परदेशी चालले म्हटल्यावर शेजारपाजारचे आधी खूश झाले, मग देशाचं नाव ऐकून हिरमुसले. आमच्याकडे फॉरेन म्हणजे अमेरिका, फार तर लंडन. "तिकडे कशाला गं?" एक आजी म्हणाल्या, "आपल्याकडे काय आंधळे कमी आहेत?" प्रश्न चांगला होता. मी त्यांना स्वेटर किती न्यावेत ते विचारलं.

स्वेटर मी कमीच नेले. तो हिवाळाही आपल्यासारखाच कोरडा होता, सकाळी बोटं वळत नसत आणि दुपारी उन्हात डोळे मिटत. गावाभोवती निलगिरी, चुलींत निलगिरी, कपड्यांना निलगिरीचा धूर. पहाटेपासून इस्पितळासमोरच्या गवतावर माणसं पांढऱ्या सुती चादरी पांघरून, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून बसलेली असत. दुपारी कुणीतरी समोरच शेगडीवर कॉफीचे दाणे भाजायचं आणि तवा सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवायचं, मग मक्याच्या लाह्या यायच्या. एका म्हाताऱ्याने मी भारतातली आहे हे कळल्यावर भूमितीचा एक सिद्धांत इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवला. त्याच्या शाळेत भारतातून आलेले मास्तर होते. मला तो सिद्धांत आठवत नव्हता, तरी मी शाबास म्हटलं.

तिथली मुख्य डॉक्टर होती हिरुत, माझ्याच वयाची, कमी बोलणारी. तिच्या ऑपरेशनच्या खोलीत एक रीत होती. पेशंटच्या चेहऱ्यावर चादर टाकण्याआधी, ज्याचा हात लागणार त्याने त्याच्यासमोर उभं राहायचं. नाव सांगायचं. आपला हात किती शिकलेला आहे तेही सांगायचं. पेशंट हो म्हणाला तरच पुढे. मला वाटलं, पाहुण्यांपुरतं असेल हे. पहिल्याच दिवशी हिरुतने एका म्हाताऱ्याला माझ्यादेखत सांगितलं आणि मलाही इंग्रजीत ऐकवलं, "ही मशीनवर चांगली आहे. आपल्याकडचं ऑपरेशन अजून शिकते आहे. मी शेजारी बसेन. चालेल का?" म्हाताऱ्याने बराच वेळ विचार केला आणि नाही म्हणाला.

माझे कान तापले. उज्जैनला माझ्यासाठी लोक तासन्‌तास ताटकळतात, आणि हा माणूस, ज्याला समोरची भिंत दिसत नव्हती, मला नको म्हणाला. हिरुतला त्यात काहीच वाटलं नाही. तिने स्वतः त्याचा डोळा केला. मग आली एक बाई. तिने चादर घ्यायच्या आधी माझे हात मागितले. ते गारठलेले होते. तिने ते आपल्या पांघरुणात घेतले, ऊब येईपर्यंत धरून ठेवले, आणि म्हणाली, "आयझोश." हिरुतने अर्थ सांगितला, धीर धर. ऑपरेशन तिचं होतं आणि धीर ती मला देत होती. ती हो म्हणाली. तिचा डोळा चांगला झाला. त्या मोसमातला तो माझा पहिला.

तरुण डॉक्टर हल्ली मला विचारतात, "मॅडम, बाहर जाके सेवा करने से अपने को क्या फायदा होता है?" प्रश्न जरा उघडावाघडा आहे, पण खोटा नाही. मी त्यांना सांगते की वीज गेली तरी माझा हात थांबत नाही. डोळ्यात पाहून मला आता भिंगाचा कडकपणा कळतो, यंत्राने मोजायच्या आधी. घाई सुटली. जिची भाषा येत नाही अशा बाईला घाबरू नको हे कसं सांगायचं ते कळलं. नाही हा शब्द ऐकून घेता येतो. पगाराच्या नोकरीत हे मला मिळालं नसतं. ते मान डोलावतात आणि व्हिसाचं विचारतात. पुढचं मी त्यांना सांगत नाही.

दर रविवारी मी सरांना फोन करत असे. लाइन लागायला वेळ लागे, मग मध्येच तुटे. सर बारीकसारीक विचारत. भिंग कसं सोडवलंस, बोगदा केवढा केलास, बाहेर काढताना पुढच्या पडद्याला तर नाही लागलं. मी बोटं हवेत फिरवत सांगत बसे, जणू ते समोर आहेत. शेवटी विचारी, "तुमचा डोळा?"

"आहे तिथेच आहे," सर म्हणत.

जानेवारी सरता सरता एके दिवशी एक पार चॉकलेटी, लाकडासारखं झालेलं भिंग माझ्या हाताखालून इतकं सहज बाहेर आलं की हिरुत उठून चहा प्यायला गेली. माझ्या शेजारी बसायची तिला आता गरज वाटत नव्हती. मला त्या वेळी सरांची फार आठवण आली. म्हटलं, आता मी तयार आहे.

परतले तेव्हा माळव्यात गहू पिवळा व्हायला लागला होता. घरी बॅग टाकली आणि कॉफीचं पाकीट घेऊन तशीच माधव नगरला गेले. सर व्हरांड्यात उन्हाकडे तोंड करून बसले होते. मला पाहून त्यांनी काळा चष्मा काढला आणि हसले.

डोळ्यात घातलेल्या कृत्रिम भिंगाला एक चमक असते. बाकीच्यांना ती दिसत नाही. आम्हाला लग्नात, रांगेत, भाजी घेताना, कुठेही समोरच्याशी बोलता बोलता दिसते. सरांनी मान वळवली आणि उजव्या बाहुलीत ती लखकन चमकून गेली.

"कधी केलंत?" मी विचारलं.

"काय?"

मी त्यांच्या उजव्या डोळ्याकडे बोट केलं.

"अग हां, ते. डिसेंबरमध्ये झालं. जावईबापूंनी इंदूरला नंबर लावून ठेवला होता. त्यांना नाही कसं म्हणणार? आणि तुला तिकडे कशाला टेंशन द्यायचं, म्हणून नाही सांगितलं."

काकूंनी कॉफीचं पाकीट नाकाशी नेलं. "छान वास आहे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा तेच म्हणाल्या.

मी सरांचा डोळा खिडकीच्या उजेडात पाहिला. भिंग अगदी मध्यावर होतं, काम स्वच्छ होतं. "छान झालाय," मी म्हटलं, आणि तो छान झाला होता याचाही मला राग आला. डिसेंबरनंतरचे सगळे रविवार मला आठवत होते. त्या नव्या डोळ्याने ते फोनवर आलेला माझा नंबर बघत असतील, मी हवेत बोटं फिरवत असताना.

तिथून मी राम घाटावर गेले. का गेले ते सांगता येणार नाही, घरी जायचं नव्हतं एवढंच. क्षिप्रेला पाणी बेताचंच होतं. श्राद्ध घालणारे एक पंडाजी जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "बहनजी, किसके निमित्त कराना है?" माझा चेहराच तसा असणार. मी म्हटलं, "कोई गया नहीं है, महाराज." ते बरं म्हणाले आणि दुसरीकडे गेले. मग मी रडले. पायरीवर ओले कपडे पिळणाऱ्या बायकांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. घाटावर कुणीतरी रडतच असतं.

त्यानंतरही मी सरांच्याच दवाखान्यात काम करत राहिले. गुरूला जाब विचारायची आमची रीत नाही. शिवाय मला वाटे, जावयाची भीड पडली असेल, माणूस म्हातारा आहे. मी एकच बदल केला. चादर टाकण्याआधी पेशंटसमोर उभी राहून सांगू लागले, "बाबा, मैं डाक्टर मंजिरी. आपकी आँख मैं बनाऊँगी. ठीक है?" बाबा लोक आधी गोंधळत, मग हसत. एका आजीने माझी हनुवटी धरून माझा चेहरा नीट पाहून घेतला, म्हणाली, "थारो मुंडो देख लियो, अब कर." सरांना हे अजिबात आवडलं नाही.

"पेशंटला कशाला सांगत बसायचं?" ते एक दिवस चहा घेताना म्हणाले. "घाबरून जातात. एकदा चादर टाकली की सगळे हात सारखेच."

"सारखेच आहेत, तर मग तुम्ही इंदूरला का गेलात?"

तोंडून निघून गेलं. सरांनी कप खाली ठेवला. वाटलं, आता पुन्हा जावईबापूंचं नाव येणार. पण सर त्या दिवशी खरं बोलले.

"तुला मी शिकवलंय, मंजिरी. कसं शिकवलंय ते पण मला ठाऊक आहे."

मलाही ठाऊक होतं. थंडीत खेड्यापाड्यांतल्या शाळांत शिबिरं लागत. मोतीबिंदूचं ऑपरेशन माणूस जागा असतानाच होतं, फक्त डोळा बधिर करतात आणि चेहऱ्यावर चादर असते. चादरीखालच्या माणसाला आवाज तेवढा ऐकू येतो. सर त्याच्या कानाशी उभे राहून म्हणत, "बाबा, मैं कर रहा हूँ, हिलना मत, बस हो गया." आवाज सरांचा असे आणि हात शिकणाऱ्याचे. त्या काळी ते हात माझे होते. माझ्याआधी दुसऱ्यांचे होते. सरांचे हातही त्यांच्या सरांच्या आवाजाखालीच शिकलेले. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली की ते म्हातारे बड़े डाक्टर साबांच्या पाया पडत, आणि मी मागे कापूस घेऊन उभी असे. कुणी त्याला फसवणं म्हणत नव्हतं. शिकवणं म्हणत होते.

"तिकडे पण तेच चालत असेल न," सर म्हणाले. "गरीब लोकं, विचारणारं कोणी नाही. त्यांच्यावर हात बसवून आलेल्या माणसाखाली आपण नाही झोपत. मनात येऊन जातंच."

"तुम्हीच पाठवलंत मला."

"शिकायला पाठवलं. ते तर मी आज पण म्हणतो, चांगलंच केलं."

मी त्यांना हिरुतच्या रीतीचं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. माझे हात पांघरुणात धरून बसलेली ती बाई त्यांच्या लेखी माझा सराव होती, आणि तिचं नाव या माणसासमोर काढावंसं मला वाटेना. तेव्हाच दुसरंही एक लक्षात आलं. टावर चौकात, लिंबू पिळता पिळता, सर माझ्याशीही त्याच आवाजात बोलले होते. मी आहे, हलू नकोस, बस, झालंच. मी त्या आवाजावर विसंबून समुद्र ओलांडून गेले. पुढच्या वर्षी मी माझा वेगळा दवाखाना काढला. सरांनी नारळ फोडला आणि भाषणात मला मुलगी म्हटलं.

या हिवाळ्यापर्यंत सरांचा डावा डोळा तसाच राहिला होता. उजव्यावर भागत होतं म्हणून त्यांनी तो टाळत टाळत इथवर आणला. महिन्यापूर्वी काकूंचा फोन आला. "तुला सांगून ठेवते," त्या म्हणाल्या, "इंदूरच्या डॉक्टरने हात वर केले. म्हणतो, पत्थर झालाय, मशीनने जोखीम आहे, हाताने करावा लागेल. तसं करणारी उज्जैनलाच आहे म्हणाला, तुमचीच. म्हणून येतायत." फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "त्यांना नको सांगू मी बोलले ते."

दुसऱ्या दिवशी सर आले. खुर्चीत बसले, माझ्याकडे बोट करून कंपाउंडरला म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी." मग मला म्हणाले, "हा डावा मी तुझ्यासाठीच राखून ठेवला होता."

काकू भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचू लागल्या.

नाही म्हणता आलं असतं. मी डोळ्यात पाहिलं. भिंग काळपट चॉकलेटी, कडेपर्यंत घट्ट. असं भिंग मला आता पेलतं, आणि ते कुठे शिकले ते मला माहीत आहे. मी रागावले म्हणून तो डोळा माझ्यापुढून उठून गेला नसता. मी म्हटलं, "गुरुवारी या."

गुरुवारी मी सगळ्यांसमोर उभी राहते तशीच सरांसमोर उभी राहिले. "सर, मी मंजिरी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मीच करणार. हात शिकलेला आहे. चालेल?"

"अग, मला काय विचारतेस," सर हसले.

"चालेल म्हणा."

"चालेल, चालेल."

चादर टाकली. हाताच्या ऑपरेशनात मशीनची घरघर नसते. बोगदा करताना मी बोलत नाही, आणि माझी सिस्टर तर एरवीही बोलत नाही. खोलीत काहीच आवाज नव्हता. थोडा वेळ गेला आणि चादरीखालून सरांनी विचारलं,

"मंजिरी, हात तुझाच आहे न?"

कितीतरी वर्षं मी त्यांच्यासाठी उत्तरं जमवून ठेवली होती. त्यांतलं एकही मला आठवलं नाही.

"माझाच आहे, सर. हलू नका."

"खरं?"

"खरं."

हेच वाक्य त्यांनी आयुष्यभर इतक्या कानांत खोटं सांगितलं होतं की आता खरं ऐकूनही त्यांना ते खरं वाटेना. भिंग अख्खं बाहेर आलं. सिस्टरने मला नजरेने खाली बघायला सांगितलं. सरांची मूठ टेबलाच्या कडेवर घट्ट आवळलेली होती, आणि मी पट्टी बांधेपर्यंत ती सुटली नाही.